वेढे मोजताना बोलायचं नाही

आमच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जळक्या तांब्याच्या तारेचा ढीग आहे. तो कुणी मुद्दाम रचत नाही. एक मोटर उघडली की मूठभर तार तिकडे फेकायची, एवढंच. चार महिन्यांनी बघावं तर ढीग गुडघ्यापर्यंत आलेला असतो! किश्श्यांचंही तसंच. फरक इतकाच, की तांबं भंगारवाला घेऊन जातो आणि किस्से तिथेच राहतात. म्हणून म्हटलं, आपणच उचलून बाहेर मांडावेत.

दुकान मोटर रिवाइंडिंगचं. हिंगोलीत, धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शेतातली मोटर जळली की मोटारसायकलच्या मागे बांधून ती आमच्याकडे येते. आम्ही जळकी तार काढतो, नवी भरतो. दुकान चालवतात अण्णा, म्हणजे माझे वडील. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. नांदेडला शिकले आणि परत आले. "परत काहून आली?" हा प्रश्न मला आमच्या भागातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने विचारलेला आहे. उत्तर ऐकायला एकही थांबला नाही!

आता अण्णांनी साठी ओलांडली. सुईत दोरा ओवायला ते आईला हाक मारतात आणि आईने विचारलं की "उजेड कमी हाये" म्हणतात. जागा आजोबांची, म्हणून मोठ्या काकांचाही तिच्यात वाटा. काका शाळेतून रिटायर झाले, तेव्हापासून त्यांना सगळ्या जगाचं वेळापत्रक लावायचंय. दसऱ्याच्या आधी एक दिवस ते दुकानात आले आणि म्हणाले, "गुढीपाडव्यापर्यंत काय ते ठरव. एक तर आमचा सागर बसंल, न्हाई तर जागा मोबाईलवाल्याला देऊन टाकू."

तिसरी शक्यता समोरच स्टुलावर बसून काकांच्याच घरची पाण्याची मोटर दुरुस्त करत होती!

* * *

आधी मोजण्याचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बोअरच्या मोटरचं पोट म्हणजे लांब लोखंडी नळकांडं. त्याच्या आत चोवीस अरुंद खाचा. त्यांत तार हातानेच ओवावी लागते. एक माणूस या टोकाला, दुसरा त्या टोकाला. त्याने सारायची, याने ओढून परत पाठवायची. तार परत गेली की एक वेढा झाला. मी दहा वर्षांची असल्यापासून त्या टोकाला बसते. या टोकाला अण्णा. ते मोठ्याने मोजतात. एक वेढा चुकला तरी मोटर गरम होते, म्हणून दुकानाचा नियम एकच: वेढे मोजताना बोलायचं नाही. कुणी बोललंच, तर अण्णांच्या तोंडून फक्त पुढचा आकडा येतो.

शिरड शहापूरचे रामकिशन मामा आमचे जुने गिऱ्हाईक. एकदा घाईघाईने आले.

"अण्णा, मोटर आज मिळंल का?"

"एकवीस."

"हळद वाळून राहिली हो!"

"बावीस."

"बरं, उद्या सकाळी येऊ का?"

"तेवीस."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. मग मामा बाकावर बसले आणि टोपी मांडीवर ठेवली. छत्तीस झाले, खाच भरली. अण्णांनी पाठ सरळ केली. "हां रामकिशन, काय म्हणत होता?"

"मोटरीचं राहू द्या," मामा म्हणाले. "मीबी मनात मोजून राहिलो होतो. माझ्या हिशेबानं पस्तीसच झाले!"

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी अख्खी खाच रिकामी केली. एकेक वेढा मोजून बाहेर काढला. बरोबर छत्तीस!

"मग बराबर हाये," मामा समाधानाने म्हणाले. "आता सांगा, आज मिळंल का?"

"मिळाली असती," अण्णा म्हणाले.

* * *

अण्णांच्या नाकाची कीर्ती पार वारंगा फाट्यापर्यंत आहे. मोटर उघडायची, नाक आत घालायचं आणि निदान सांगायचं. "कोरडी चालवली." "फेज गेला होता." "पोरानं स्टार्टर दाबून धरला." गिऱ्हाईक थक्क!

मला वासावरून इतकं कळणं पटेना. जळलेल्या तारेचा वास एकच असतो, हे मी आठ सेमिस्टर शिकून आले होते. म्हणून महिनाभर मी मोटरकडे बघणं सोडलं आणि अण्णांकडे बघत बसले. काय दिसलं सांगू? नाक आत जाण्याच्या आधी डोळे एक फेरी मारून येतात! मोटरीला बांधलेल्या दोराकडे बघतात. दोर वरून अर्ध्यापर्यंत कोरडा म्हणजे पाणी खाली गेलं. मग माणसाच्या चपलांकडे. ओला चिखल म्हणजे मोटर पहाटेपर्यंत चालत होती. मग त्याच्या सोबत आलेल्या पोराकडे. पोर खाली मान घालून उभं असेल तर स्टार्टर त्यानेच दाबलेला.

मी विचारलं, "अण्णा, मग वास कशाला घेता?"

"डोळ्यांनी सांगितलं तर माणूस म्हणतो, मलाबी दिसतं," अण्णा म्हणाले. "वास घेतला की वाद घालत न्हाई."

* * *

मी परत आले तेव्हा डोक्यात सुधारणांचं गाठोडं होतं. पहिली सुधारणा: प्रत्येक मोटरीला चिठ्ठी. नाव, गाव, फोन नंबर. पुठ्ठ्याच्या छान चिठ्ठ्या कापल्या, सुतळीने बांधल्या. अण्णा बघत होते. काही बोलले नाहीत. आमच्याकडे वडीलधारे दोनच प्रकारचे असतात: सारखं बोलणारे आणि तुम्ही चुकेपर्यंत न बोलणारे!

विहिरीवरच्या मोटारींचं जुनं वार्निश सुटावं म्हणून त्यांचे लोखंडी सांगाडे भट्टीत भाजतात. त्या दिवशी आठ सांगाडे भट्टीत गेले. मीच घातले. चिठ्ठ्यांसकट!

बाहेर आले ते आठ काळे ठिक्कर भाऊ. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. बाहेर आठ मालक बसलेले. मी घामाघूम.

अण्णा उठले. एकेकावर हात फिरवत गेले. "ह्याच्या पायाला वेल्डिंग हाये, हा वारंग्याचा. ह्याचा कान तुटका, हा औंढ्याचा." आठही लावून दिले. मग हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉलेजात नावं लिहायला शिकवत्यात. वळखायला न्हाई."

मी रागाने दुसऱ्याच दिवशी लोखंडावर आकडे ठोकायचे पंच आणले. तेव्हापासून प्रत्येक मोटरीच्या अंगावर नंबर, आणि त्या नंबराची नोंद माझ्या मोबाईलमध्ये. भट्टीच्या बापालाही तो पुसता येत नाही! अण्णा म्हणाले, "ही काय जनावरं हायेत का डाग द्यायला?"

आठवड्याभराने ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "तुमची एकशेचार नंबर तयार हाये, येऊन घेऊन जा."

* * *

शेजारी कादिर चाचांचं लेथचं दुकान. चाचांनी दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हाती दुकान दिलं. पेढे वाटले. सगळ्यांसमोर आसिफच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "आज से मैं कुछ नहीं बोलूँगा. बेटा जाने, मशीन जाने." मला इतका आनंद झाला! म्हटलं, असा एक तरी वडीलधारा आपल्या रस्त्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता चाचा हजर. आसिफ म्हणाला, "अब्बा, आपने तो छोड़ दिया था ना?"

"छोड़ दिया," चाचा म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर बसले. हातात सायकलचं पेडल. "मैं गिराक हूँ. ये ठीक करके दे."

तेव्हापासून रोज काहीतरी घेऊन येतात. कधी पंपाचा दांडा, कधी घराच्या दाराची बिजागरी. आणि गिऱ्हाईक म्हणून बसल्यावर बोलायला कसली बंदी? "ऐसे पकड़ते क्या? धीरे! माल अपना नहीं, गिराक का है!"

परवा आसिफने एक बिजागरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "अब्बा, ये तो मैंने कल ही बनाके दी थी. टूटी कैसे?"

चाचांनी बिजागरीवरून बोट फिरवलं.

"कच्ची बनाई होगी," ते म्हणाले. "चार हथौड़े में टूट गई!"

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे पक्कड, हातोडी, छिन्नी सगळं धुऊन पाटावर मांडतात. ज्याच्या हाती ती पुढे जाणार, त्याने हळदकुंकू वाहायचं. मोठ्या काकांनी यंदा सागरला पुण्याहून खास बोलावलं. सागर माझा चुलतभाऊ, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, स्वभावाने गोड. त्याने कुंकू वाहिलं आणि हळूच मला विचारलं, "ह्यातली छिन्नी कुठली गं?"

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला अण्णांच्या जागेवर बसवलं. त्या टोकाला, अर्थातच, मी. काका खुर्ची टाकून कौतुकाने बघत होते. सागरने सुरुवात चांगली केली. एकोणिसाव्या वेढ्याला त्याचा फोन वाजला. "हॅलो, हां, पाच मिनिटांत करतो." फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. "किती झाले होते?"

मला माहीत होतं. पण मोजणाऱ्याला सांगायचं नसतं.

"काढ," अण्णा म्हणाले.

सागरने सगळं काढलं. पुन्हा सुरुवात. सत्ताविसाव्याला त्याला शिंक आली. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा त्याने घाम पुसला आणि अगदी निरागसपणे अण्णांना विचारलं, "काका, एखाद-दुसरा वेढा कमी-जास्त झाला तर काय होतं?"

शेजारी आसिफने लेथ बंद केली. दारात कादिर चाचा येऊन उभे राहिले, हातात बिजागरी.

अण्णा फार प्रेमळपणे म्हणाले, "बाळा, पुण्याची गाडी किती वाजता हाये?"

तरी त्या संध्याकाळी मी विषय काढला तेव्हा अण्णा काय म्हणाले? "दुकानात दिवसभर बापे माणसं येत्यात. त्यांच्याशी बोलावं लागतं, माय." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही बोलता कुठे? तुम्ही आकडे सांगता!"

* * *

आता माझी चूक. ती लपवली तर किस्से सांगायचा मला हक्क नाही.

परत आले त्याच वर्षीची गोष्ट. अण्णा एका लग्नाला गेले होते. शिरडकडचीच एक मोटर आली, तार पूर्ण वितळलेली, जुने वेढे मोजायला काही शिल्लकच नाही. मी खूश! कागद घेतला, सूत्र मांडलं, उत्तर आलं चव्वेचाळीस. आसिफला त्या टोकाला बसवलं आणि भरली. दुकानात चालवून पाहिली तर अशी चालली, की तिच्याकडे बघत राहावं.

तीन दिवसांनी मालक मोटर घेऊन परत. "ताई, मोटर नुस्ती गुणगुणती. पाणीच उचलत न्हाई!"

अण्णांनी विचारलं, "किती भरले?"

"चव्वेचाळीस. पुस्तकाप्रमाणे."

"ह्या पुस्तकाचं गाव कोणतं?"

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पुस्तकात वीज पूर्ण दाबाची असते. शिरडच्या त्या शिवारात पोहोचेपर्यंत ती दमून जाते. म्हणून तिथे वेढे कमी घ्यायचे, तार जाड घ्यायची. मग मोटर थकलेल्या विजेवरही पाणी उचलते. शिरडला छत्तीस. वारंगा फाट्याला चाळीस. हिंगोली शहराच्या आसपास चव्वेचाळीस. प्रत्येक गावाचा आकडा अण्णांच्या डोक्यात!

मी थक्क झाले. अण्णांनी आयुष्यात मीटर हातात धरलेला नाही. मग हे कळलं कसं? कितीतरी दिवस मागे लागले, तेव्हा एकदा बोलले. "तरणा होतो तवा गावोगाव मोटारी बसवायला जायचो. पिशवीत शंभर वॅटचा बल्ब. स्टार्टरपाशी लावायचा आन् बघायचा. पांढरा पडला की वीज चांगली. जितका पिवळा, तितके वेढे कमी."

एका पिवळ्या बल्बवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा! मी भारावून विचारलं, "मग परत कधी गेलात बल्ब लावायला?"

"परत कशाला?" अण्णा म्हणाले. "एकदा बघितला ना!"

* * *

हे "एकदा बघितला ना" मला पुरतं छळणार होतं.

यंदा पाडव्याच्या महिनाभर आधी रामकिशन मामांची मोटर जळून आली. अण्णांनी नाक घातलं. "कोरडी चालवली." मामा म्हणाले, "अण्णा, बोअरला पाणी भरपूर हाये." अण्णांनी छत्तीस वेढे भरून दिली. पंधरा दिवसांत पुन्हा जळली. अण्णांनी पुन्हा वास घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं. ह्या वेळी मामा चिडले. "भुईमूग माना टाकून राहिला, आन् तुमी मलाच खोटं पाडून राहिले व्हय?"

मी मोबाईलमधले नंबर काढले. महिन्याभरात शिरडच्या पाच मोटारी जळून आलेल्या, पाचही एकाच शिवारातल्या! स्कूटी काढली, मीटर घेतला, मामांच्या शेतात गेले. बांधाच्या पलीकडे नवी कोरी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उभी. मीटर लावला. वीज भरपूर होती, जवळजवळ पुस्तकातल्याइतकी! दमलेल्या विजेसाठी भरलेल्या मोटारी ताज्या विजेवर जळत होत्या.

अण्णांना सांगितलं. "तुझा मीटर खराब असंल," ते म्हणाले.

असा संताप आला! पण मीटर फेकून मी बाजारात गेले आणि शंभराचा बल्ब घेऊन आले. सहज मिळत नाही आता, चार दुकानं फिरले. सकाळी अण्णांना म्हटलं, "बसा मागे." का कोण जाणे, बसले. अख्खा रस्ता दोन्ही हातांत बल्ब धरून, खड्डा आला की उरापाशी घेऊन.

मामांच्या स्टार्टरपाशी त्यांनी स्वतः वायर जोडली. बल्ब लागला.

पांढरा शुभ्र!

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बल्ब काढला, रुमालात गुंडाळला. मामा म्हणाले, "काय निघालं अण्णा?"

"चहा ठेव," अण्णा म्हणाले.

येतानाही तो बल्ब त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

* * *

दुसऱ्या दिवशी मामांची मोटर भरायला घेतली. पाडवा दोन दिवसांवर. मी चव्वेचाळीस वेढ्यांच्या हिशेबाने नेहमीपेक्षा एक नंबर बारीक तार काढून ठेवली होती. जाड तारेचे छत्तीसच्या वर वेढे मावत नाहीत. अण्णांनी ती चिमटीत धरून पाहिली. त्यांच्या टोकाला जाऊन बसले, मी माझ्या टोकाला. बाकावर रामकिशन मामा. दारात कादिर चाचा.

एकोणतीस झाले असतील. मोठे काका आत आले, उभ्याउभ्याच सुरू झाले.

"सागर न्हाई म्हणतो. मोबाईलवाला उद्या जागा बघायला येऊन राहिला. त्याला काय सांगू?"

"तीस."

"मी तुला शेवटचं विचारून राहिलो. दुकान बंद करायचं, का ह्या पोरीच्या हवाली करायचं?"

"एकतीस."

"अरे, मी तुझा मोठा भाऊ हाये!"

"बत्तीस."

"दादा," मामांनी खालच्या आवाजात सांगितलं, "जरा दम धरा. छत्तीसला थांबत्यात ते. मग विचारा."

काका थांबले. हाताची घडी घालून उभे राहिले. तेहतीस. चौतीस. पस्तीस. चाचांनीही बिजागरी खाली ठेवली.

"छत्तीस," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा हात थांबला. बाजूला पक्कड होती, तार तोडायची.

"हां," काका म्हणाले. "आता बोल. पोरीच्या हवाली करायचं का?"

मोजताना बोलायचं नसतं. मी फक्त माझ्या टोकाकडून तार आत सारली. ती खाचेतून अण्णांच्या बाजूला बोटभर बाहेर आली आणि तिथेच थरथरत राहिली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग पक्कडीकडे. मग काकांकडे.

"बोल ना!" काका ओरडले.

अण्णांनी तार चिमटीत धरली आणि ओढली.

"सदतीस."